फोटो कुठे जातो? वेबकॅमची गॅलरी बनवताना

गेले दोन-तीन भाग आपण डेटाबेस, सर्व्हर, लोड असल्या जड विषयांवर बोलत होतो. आज जरा हाताशी येणारं काहीतरी घेऊ या. ब्राउझरमध्ये चालणारी वेबकॅमची फोटो गॅलरी. म्हणजे पान उघडायचं, बटण दाबायचं, तीन-दोन-एक, फोटो निघतो आणि खाली गॅलरीत जाऊन बसतो. त्यावर क्लिक केलं की मोठा होतो, रंग बदलता येतात, उतरवून घेता येतो, पुसता येतो. एका शनिवार-रविवारात होण्यासारखं काम आहे. जावास्क्रिप्ट शिकणाऱ्या ज्युनियर मंडळींना मी हेच करायला सांगते, कारण यात परवानग्या, व्हिडिओ, कॅनव्हास, साठवण असं सगळं थोडं थोडं येतं.

नेहमीप्रमाणे कोड वाचून दाखवणार नाही. कंस आणि अर्धविराम कानानं ऐकायची गोष्टच नाही. पायऱ्या सांगते, अडचणी कुठे येतात ते सांगते, आणि एक प्रश्न सांगते, जो या गॅलरीच्या प्रत्येक पायरीला आडवा येतो.

आधी थोडा इतिहास. वेबवरचा पहिला कॅमेरा माणसांकडे बघतच नव्हता. तो बघत होता कॉफीच्या भांड्याकडे. केंब्रिज विद्यापीठाच्या कॉम्प्युटर लॅबोरेटरीत ट्रोजन रूम नावाची खोली होती. इमारतीतल्या दुसऱ्या खोल्यांमधली मंडळी जिने उतरून कॉफीला यायची आणि भांडं रिकामं बघून परत जायची. 1991 साली त्यांनी भांड्यासमोर कॅमेरा लावला. 128 गुणिले 128 पिक्सेलचं, करड्या रंगातलं चित्र. आधी ते फक्त लॅबच्या नेटवर्कवर दिसायचं, 1993 साली वेबवर आलं आणि जगभरचे लोक केंब्रिजमध्ये कॉफी शिल्लक आहे का ते बघायला लागले. ऑगस्ट 2001 मध्ये तो कॅमेरा बंद झाला. भांड्याचा लिलाव झाला आणि ते 3,350 पौंडांना गेलं!

त्यानंतर बरीच वर्षं ब्राउझरमधून कॅमेरा वापरायचा तर फ्लॅशचं प्लगइन लागायचं. मग ब्राउझरलाच कॅमेरा मागता येऊ लागला. ज्या फंक्शननं हे होतं त्याचं नाव गेटयूजरमीडिया. क्रोमनं 47 व्या आवृत्तीपासून, म्हणजे 2015 च्या शेवटी, असा नियम केला की पान एचटीटीपीएसवर असेल तरच कॅमेरा मिळेल. 2017 मध्ये सफारीतही ही सोय आली. आणि 2020 च्या शेवटी फ्लॅशला कायमचा निरोप मिळाला. त्यामुळे आज तुम्हाला कुठलीही लायब्ररी, कुठलंही प्लगइन लागत नाही. एक एचटीएमएलची फाइल, थोडं सीएसएस आणि दोन-अडीचशे ओळी जावास्क्रिप्ट. बस.

मी हे शेवटचं बनवलं ते आमच्या सोसायटीच्या गणपतीसाठी. आरतीनंतर हॉलमध्ये मुलांचे कार्यक्रम असतात, तिथे एका टेबलावर जुना लॅपटॉप, मागे झेंडूच्या माळा, बाजूला मोठा टीव्ही. मुलांनी यायचं, फोटो काढायचा, टीव्हीवर बघायचा. सोसायटीचे सेक्रेटरी काका म्हणाले होते, "तू इंजिनिअर ना, तासाभराचं काम आहे तुझं." तासाभराचं नव्हतं, पण होण्यासारखं होतं. आता उदाहरणं मी तिथलीच देईन.

पहिली पायरी, परवानगी. पान उघडल्या उघडल्या कॅमेरा मागू नका. आपण कुणाच्या घरी गेलो तर चपला काढायच्या आधी फ्रिज उघडत नाही ना? समोरच्याला अजून माहीतही नसतं की हे पान कशाचं आहे, आणि ब्राउझरची चौकट येऊन विचारते की कॅमेरा देऊ का. बरेच लोक तिथेच 'नाही' दाबतात, आणि ते 'नाही' ब्राउझर लक्षात ठेवू शकतो. त्यामुळे आधी एक साधं बटण ठेवा, 'कॅमेरा सुरू करा', आणि त्याखाली एका ओळीत लिहा की फोटोचं पुढे काय होणार. बटण दाबलं की मगच मागा. आणि जेवढं हवं तेवढंच मागा. फोटो काढायचाय तर मायक्रोफोन कशाला? व्हिडिओ हवा, ऑडिओ नको, एवढंच सांगायचं. रुंदी-उंचीही 'जमलं तर 1280 बाय 720' अशी सांगता येते. त्यासाठी 'आयडियल' हा शब्द वापरा. 'एक्झॅक्ट' लिहिलंत आणि जुन्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्याला ते जमलं नाही, तर सरळ एरर येते.

एररचेही प्रकार असतात, ते वेगवेगळे हाताळा. माणसानं नाही म्हटलं, कॅमेराच नाही, आणि कॅमेरा दुसऱ्या ॲपनं धरून ठेवलाय, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्हींना 'काहीतरी चुकलं' असा एकच संदेश दाखवला तर समोरच्यानं करायचं काय? तिसऱ्यासाठी लिहा, 'व्हिडिओ कॉल चालू असेल तर तो बंद करून परत बटण दाबा.' बिचाऱ्याचा अर्धा तास वाचतो.

दुसरी पायरी. कॅमेऱ्याकडून आलेली स्ट्रीम व्हिडिओ टॅगला द्यायची. इथे आयफोनवाल्यांसाठी एक गोष्ट: व्हिडिओ टॅगवर 'प्लेजइनलाइन' लिहायला विसरू नका. नाहीतर आयफोन तो व्हिडिओ पूर्ण स्क्रीनवर घेऊन जातो आणि तुमची बटणं, उलटी मोजणी, सगळं मागे राहतं.

तिसरी पायरी आरशाची. कॅमेऱ्यातलं चित्र जसंच्या तसं दाखवलं तर माणूस गोंधळतो. उजवीकडे सरकायला गेला की चित्रात भलतीकडेच सरकतो. म्हणून पडद्यावरचा व्हिडिओ सीएसएसनं आडवा उलटा करतात, आरशासारखा. पण मग काढलेला फोटो कसा ठेवायचा? आमच्याकडे निम्म्या पोरांच्या डोक्यावर 'मोरया' लिहिलेल्या पट्ट्या होत्या. आरशातला फोटो तसाच ठेवला तर अक्षरं उलटी. सरळ ठेवला तर पोरं म्हणतात, "ताई, माझा भांग दुसऱ्या बाजूला गेला!" कारण स्वतःचा चेहरा आपण जन्मभर आरशातच बघितलेला असतो. मी फोटो सरळ ठेवला आणि शेजारी 'आरसा' नावाचं बटण दिलं. ज्याला जसा हवा तसा त्यानं घ्यावा.

चौथी पायरी, प्रत्यक्ष फोटो. कॅनव्हास घ्यायचा, व्हिडिओचं त्या क्षणाचं चित्र त्यावर काढायचं. यात एक बारकावा. कॅनव्हासची रुंदी-उंची व्हिडिओ टॅग पडद्यावर जेवढा दिसतो तेवढी घेऊ नका, कॅमेऱ्याच्या खऱ्या मापाची घ्या. ते माप व्हिडिओची माहिती लोड झाल्यावरच कळतं, त्याआधी शून्य येतं. ज्यांच्याकडे पहिलाच फोटो कोरा निघतो, त्यांनी आधी हे तपासावं.

मग रंग. कृष्णधवल फोटो सगळ्यांना आवडतो. प्रत्येक पिक्सेलचा लाल, हिरवा, निळा घ्यायचा आणि एक करडा बनवायचा. तिघांची सरळ सरासरी काढली तर फोटो मेल्यासारखा दिसतो, कारण आपला डोळा हिरव्याला जास्त मानतो. म्हणून लालचे 0.299, हिरव्याचे 0.587 आणि निळ्याचे 0.114, अशी वजनं वापरतात. कॅनव्हासला तयार फिल्टरही आहेत, पण सफारीत ते बराच काळ चालत नव्हते. हा गुणाकार सगळीकडे चालतो.

पाचवी पायरी साठवण, आणि इथे थोडं गणित करू. 1280 बाय 720 म्हणजे 9,21,600 पिक्सेल. प्रत्येकाला चार बाइट. म्हणजे साधारण साडेतीन एमबी एका कच्च्या फोटोला. जेपेग केला की माझ्या लॅपटॉपवर तो दीडशे केबीच्या आसपास येत होता. इंटरनेटवरच्या बऱ्याच धड्यांत फोटोचं एका लांबलचक मजकुरात रूपांतर करतात आणि तो लोकलस्टोरेजमध्ये टाकतात. त्या रूपांतरात दर तीन बाइटची चार अक्षरं होतात. दीडशेचे दोनशे झाले. लोकलस्टोरेजची मर्यादा पाच एमबीच्या आसपास. म्हणजे पंचविसाव्या फोटोला गाडी थांबणार. आमच्या हॉलमध्ये पहिल्या पंधरा मिनिटांतच तेवढे फोटो झाले होते. त्यापेक्षा फोटो ब्लॉब म्हणून घ्या आणि इंडेक्स्डडीबीमध्ये ठेवा. तिची जागा डिस्कच्या मोकळ्या जागेवर ठरते आणि ब्लॉब तिच्यात जसाच्या तसा राहतो.

गॅलरीतही मोठे फोटो सरसकट लावू नका. दोनशे फोटो गुणिले साडेतीन एमबी म्हणजे सातशे एमबी मेमरी. ब्राउझर आपल्या परीनं वाचवतो, पण जुना लॅपटॉप घामाघूम होतो. फोटो काढतानाच 320 बाय 180 चा छोटा फोटोही बनवा. तो मेमरीत सोळा पट कमी जागा घेतो. गॅलरीत छोटा, क्लिक केल्यावर मोठा. मोठ्यासाठी एचटीएमएलचा डायलॉग टॅग वापरा. एस्केप दाबल्यावर बंद होणं वगैरे त्यात आयतं मिळतं. गॅलरीतला प्रत्येक फोटो बटण म्हणून ठेवा, म्हणजे ज्यांना माउस वापरता येत नाही त्यांना कीबोर्डनंही उघडता येईल.

झालं. इथपर्यंत आलात की गॅलरी तयार. आता तो प्रश्न.

कार्यक्रमाच्या दिवशी पोरांची रांग ओसरल्यावर एक आजी आल्या. नातवाचा फोटो टीव्हीवर बघितला, आणि मला विचारलं, "अगं, हा फोटो आता गेला कुठे?"

मी म्हटलं, "कुठेच नाही आजी, या लॅपटॉपमध्येच आहे."

"असं सगळेच म्हणतात."

आजींचं बरोबर होतं. सगळेच म्हणतात. प्रत्येक ॲपवर लिहिलेलं असतं की तुमची प्रायव्हसी आम्हाला महत्त्वाची आहे. मग मी नातवालाच सांगितलं, लॅपटॉपचं वायफाय बंद कर. त्यानं केलं. पान लॅपटॉपवरूनच चालू होतं, लोकलहोस्टवर. ब्राउझर लोकलहोस्टला सुरक्षित मानतो, त्यामुळे तिथे एचटीटीपीएस नसतानाही कॅमेरा मिळतो. वायफाय नसताना फोटो निघाला, गॅलरीत गेला, मोठा झाला. आजी म्हणाल्या, "मग काढ माझा एक. थांब, पदर नीट घेते."

तेवढ्यात मागून आठवीतला एक मुलगा म्हणाला, "ताई, पण वायफाय परत चालू केल्यावर जाईल ना?"

शंभर नंबरी प्रश्न! वायफाय बंद करून दाखवणं हा अर्धाच पुरावा आहे. पान फोटो साठवून ठेवू शकतं आणि नेट आल्यावर गुपचूप पाठवू शकतं. उरलेला अर्धा पुरावा दोन ठिकाणी असतो. एक, ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला नेटवर्कचा टॅब. तो उघडा ठेवून वायफाय चालू करायचं आणि फोटो काढायचा. पान काही पाठवत असेल तर तिथे ओळ उमटते. त्या मुलाला मी ते दाखवलं, आणि मग तो बाकीच्या पोरांना दाखवत बसला. दोन, कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी. पानासोबत ब्राउझरला एक नियम देता येतो की या पानाला बाहेर जोडणी करू देऊ नकोस. 'कनेक्ट-सोर्स नन' असं लिहिलं की जावास्क्रिप्टचे फेच, वेबसॉकेट वगैरे मार्ग ब्राउझर स्वतः अडवतो. चित्रं आणि स्क्रिप्ट फक्त आपल्याच ठिकाणाहून, फॉर्म कुठेच नाही, असंही त्यातच लिहायचं. हे शंभर टक्के कुलूप नाही. पानच दुसऱ्या पत्त्यावर नेऊन पत्त्यात माहिती चिकटवता येते. पण उद्या मी एखादी लायब्ररी घातली आणि ती आगाऊपणा करायला लागली, तर नेहमीचे रस्ते बंद असतात.

याच प्रश्नाला जोडून दिव्याची गोष्ट. कॅमेऱ्याशेजारचा छोटा दिवा. 2010 मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळच्या लोअर मेरियन या शाळा विभागावर खटला झाला होता. विद्यार्थ्यांना शाळेनं लॅपटॉप दिले होते. चोरीला गेलेले लॅपटॉप शोधण्यासाठी त्यांत एक सोय होती, जी दुरून कॅमेरा चालू करून फोटो काढायची. ती मुलांच्या घरात, खोलीत फोटो काढत राहिली. काही मुलांना तो दिवा मध्येच लागून विझताना दिसला होता. शेवटी विभागानं 6 लाख 10 हजार डॉलर्स देऊन प्रकरण मिटवलं. त्या दिव्यावर लोकांचा विश्वास असतो, तो आपण खर्च करायचा नाही. व्हिडिओ नुसता पॉज केला तर चित्र थांबतं, कॅमेरा चालूच राहतो. स्ट्रीममधला प्रत्येक ट्रॅक थांबवावा लागतो, तेव्हा दिवा विझतो. 'कॅमेरा बंद करा' हे बटण पानावर ठेवा, आणि माणूस दुसऱ्या टॅबवर गेला तर आपणहून थांबवा. परत आल्यावर पुन्हा सुरू करता येतो.

आता राहिले काढलेले फोटो. रात्री सेक्रेटरी काका म्हणाले, "दीडेकशे झालेत ना? टाक सगळे एकदम सोसायटीच्या ग्रुपवर. लोक खूश होतील." त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं. पण संध्याकाळीच एक ताई हळूच सांगून गेल्या होत्या, "आमच्या दोघींचे फोटो कुठे टाकू नका हं." का, ते मी विचारलं नाही. त्यांनी सांगावं असंही नाही. त्या ग्रुपमध्ये तीनशे माणसं आहेत. जुने भाडेकरू आहेत, एजंट आहेत, कुणाकुणाचे नातेवाईक आहेत. एकदा तिथे गेलेला फोटो परत आणायला कुठलंच बटण नाही. आणि त्या लेकीच्या वर्गातल्या चार मुलांसोबतच्या फोटोतही ती होतीच.

मी काकांना म्हटलं, "काका, ज्याचा फोटो त्याला देऊ या. आई-बाबांनी येऊन पेनड्राइव्हवर किंवा केबलनं मोबाइलमध्ये घ्यावा. ग्रुपमध्ये टाकायचा तर त्यांनी टाकावा." काका कुरकुरले. "एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस," म्हणाले. पण टेबलाशी उभे राहून तासभर नावं पुकारायचं काम त्यांनीच केलं. बऱ्याच जणांनी टीव्हीवरच्या फोटोचा मोबाइलनं फोटो काढला आणि निघाले, तेही चाललं. त्या ताई आल्या, लेकीचा एकटीचा फोटो घेतला, वर्गमित्रांसोबतचा बघून म्हणाल्या, "हा पुसाल का?" पुसला. त्या मुलांच्या घरच्यांना नवीन फोटो काढून दिला.

यातून गॅलरीत तीन गोष्टी आल्या, त्या तुम्हीही ठेवा. पुसण्याचं बटण प्रत्येक फोटोवर, काढण्याच्या बटणाइतकंच सहज सापडणारं. पुसलं म्हणजे इंडेक्स्डडीबीतून गेलं पाहिजे, छोटा आणि मोठा दोन्ही. नुसतं पडद्यावरून गायब करणं म्हणजे पुसणं नाही. आणि शेवटी 'सगळं पुसा'. रात्री साडेदहाला ते बटण मी चार लोकांसमोर दाबलं.

कुणी म्हणेल, ब्राउझरमध्ये ठेवलेले फोटो राहिले तर काय बिघडलं? मुळात ते टिकतीलच याची खात्री नसते. जागा कमी पडली तर ब्राउझर आपणहून काढून टाकू शकतो. सफारीत तर सात दिवस त्या साइटवर कुणी फिरकलं नाही की स्क्रिप्टनं साठवलेलं सगळं साफ होतं. त्यामुळे ब्राउझर ही कपाटासारखी जागा समजू नका, टेबल समजा. काम झालं की हवं ते उचलायचं, बाकी आवरायचं.

आणखी एक छोटी पण कामाची गोष्ट. कॅनव्हासवरून काढलेल्या जेपेगमध्ये एक्झिफची माहिती नसते. म्हणजे फोटो कुठे काढला, त्या जागेचे अक्षांश-रेखांश वगैरे त्यात येत नाहीत. पण तुम्ही गॅलरीत 'मोबाइलमधला फोटो निवडा' अशी सोय दिलीत तर त्या फाइलमध्ये ती माहिती असू शकते. ती फाइल तशीच ठेवू नका, आधी कॅनव्हासवर काढा आणि तिथून नवा जेपेग घ्या.

आणि तुमच्यापैकी कुणी हीच गॅलरी एखाद्या क्लासला, दुकानाला, डान्स अकॅडमीला बनवून देणार असेल, फोटो सर्व्हरवर ठेवणार असेल, तर ध्यानात ठेवा. आपल्याकडे 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. घरगुती, खासगी वापर त्याच्या बाहेर आहे, धंदा त्याच्या आत आहे. आणि त्यात मूल म्हणजे अठराच्या आतलं प्रत्येक जण. त्यांचा डेटा घ्यायचा तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. क्लायंट म्हणेल, 'टिक करायची एक चौकट टाका.' चौकटीनं ते भागत नाही. हे पैसे ठरवायच्या आधी बोला, नंतर नाही. सर्व्हर न वापरता काम होत असेल तर तेच सुचवा. सर्व्हरचा खर्चही वाचतो, क्लायंटला ते लगेच पटतं.

तर या आठवड्याचा गृहपाठ. गॅलरी बनवा. रंगरूप कसंही असू दे. झाल्यावर ती घरातल्या अशा माणसाला वापरायला द्या ज्याचा कॉम्प्युटरशी फार संबंध नाही. त्यांना काही समजावू नका. फोटो काढून झाला की विचारा, "हा फोटो आता कुठे आहे असं वाटतं?" उत्तर 'गूगलवर' किंवा 'तुझ्या ऑफिसात' असं आलं, तर तुमच्या पानावरची ती एक ओळ बदला आणि परत विचारा. माझी ओळ चार वेळा बदलली. शेवटी जी राहिली ती अशी: 'फोटो याच लॅपटॉपमध्ये राहतो. पुसा म्हटलं की पुसला जातो.'

पुढच्या भागात इंडेक्स्डडीबी जरा खोलात जाऊन बघू. तिचं जुनं, कॉलबॅकवालं रूप बघून घाबरायचं कारण नाही, त्यावर सोपा उपाय आहे. तोवर नमस्कार, आणि उठताना कॅमेऱ्याचा दिवा विझलाय ना ते बघा!